टोपीवालं मांजर आणि जीपमधल्या मेंढ्या

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. काही गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एक ठरावीक गोष्ट मोठ्याने वाचली. बाळ जन्मलं की दोन-तीन दिवसांत त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि तोंडात चोखणी दिली. बाळं चोखता चोखता मधे थांबतात. हे थांबणं एका विशिष्ट प्रकारे लांबलं किंवा आखूड झालं की कानात ओळखीची गोष्ट लागायची, नाहीतर अनोळखी. बाळांनी आपली चोखण्याची लय बदलली आणि पोटात असताना ऐकलेली गोष्ट लावून घेतली. वाचणारा आवाज आईचा असो की परक्या बाईचा, निकाल तोच.

वाचनासाठी निवडलेले उतारेही मजेदार होते. एक होता डॉ. सूस यांच्या ‘द कॅट इन द हॅट’चा पूर्वार्ध. दुसरा त्याच पुस्तकाचा उत्तरार्ध, पण त्यातली मुख्य नामं बदललेली. मांजराचं कुत्रं झालं, टोपीचं धुकं झालं आणि ‘द डॉग इन द फॉग’ तयार झालं. तिसऱ्यात राजा, उंदीर आणि चीज. दोन दिवसांच्या बाळाला मांजर ठाऊक नसतं आणि टोपीही. तरी त्या शब्दांचा ताल त्याला ठाऊक होता. प्राण्यांची ही हसरी, यमकी चित्रपुस्तकं डोळ्यांच्या फार आधी कानातून आत शिरतात आणि त्यांची सगळी कारागिरी कानापाशीच सुरू होते.

‘द कॅट इन द हॅट’ मात्र जन्माला आलं ते एका भांडणातून. १९५४ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकात जॉन हर्सी यांचा लेख छापून आला. हर्सी म्हणजे अणुबॉम्बनंतरच्या हिरोशिमाचा वृत्तांत लिहिणारे पत्रकार. या वेळी त्यांनी आपला मोर्चा पहिलीच्या वाचनपाठांकडे वळवला होता. अमेरिकी शाळांत तेव्हा डिक आणि जेन या भावंडांची पुस्तकं चालत. गोरंगोमटं कुटुंब, हिरवळ, कुत्रा, चेंडू, आणि ‘बघ, पळ, उडी मार’ अशा वाक्यांची न संपणारी आवर्तनं. त्या पानांवर कोणी कधी खोडी काढत नाही की कोणाला राग येत नाही. इतकी गुळमुळीत पुस्तकं दिल्यावर मुलं वाचतील कशाला, असा हर्सींचा सवाल होता. चित्रं तरी कल्पक माणसांकडून काढून घ्या, असं सुचवताना त्यांनी जी नावं घेतली त्यात डॉ. सूस हेही होतं. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचं ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ आलं आणि मुलांना वाचता का येत नाही हा घरोघरचा वादाचा विषय झाला.

ह्यूटन मिफ्लिन या बॉस्टनच्या प्रकाशनसंस्थेत शालेय पुस्तकांचं काम पाहणारे विल्यम स्पॉल्डिंग यांनी हर्सींची सूचना मनावर घेतली. त्यांनी थिओडोर स्यूस गायझेल यांना, म्हणजेच डॉ. सूसना, पहिलीतलं पोर हातातून खाली ठेवणार नाही असं पुस्तक लिहायला सांगितलं. अट एकच होती. सोबत दिलेल्या सोप्या शब्दांच्या यादीबाहेर जायचं नाही.

गायझेल तेव्हा पन्नाशीचे होते आणि मनाला येईल तो शब्द बनवणारे म्हणून प्रसिद्ध होते. यादी हातात आली आणि हे स्वातंत्र्य गेलं. यादीत विशेषणं जवळजवळ नव्हती. काम आठवड्याभरात उरकेल असा त्यांचा अंदाज होता, त्याला वर्षाहून जास्त काळ लागला. वैतागून त्यांनी यादी पुन्हा चाळली आणि यमक जुळणारे पहिले दोन शब्द सापडतील त्यांचं पुस्तक करायचं ठरवलं. ते शब्द निघाले मांजर आणि टोपी. ही हकिगत ते स्वतः वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगत, तेव्हा ती थोडी हातचं राखून ऐकावी. पुस्तकाचा हिशेब मात्र पक्का आहे. १९५७ च्या मार्चमध्ये आलेल्या या पुस्तकात एकूण २३६ वेगवेगळे शब्द आहेत. त्यातले बहुतेक एकाच अवयवाचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे, आणि तीन अवयवांचा शब्द फक्त एक.

गोष्ट एवढीच, की पावसाळी दिवस आहे, आई बाहेर गेली आहे आणि दोन मुलं खिडकीशी कंटाळून बसली आहेत. उंच पट्टेरी टोपी घातलेलं मांजर घरात शिरतं आणि घर डोक्यावर घेतं. काचेच्या भांड्यातला मासा तेवढा ओरडत राहतो, आई नसताना हे चालायचं नाही म्हणून. मोठ्या माणसांचा सगळा शहाणपणा लेखकाने त्या माशाच्या तोंडी घातला आणि त्याला पाण्यात ठेवला. डिक आणि जेनला याहून चोख उत्तर देता आलं नसतं. पुस्तकाच्या यशावर रँडम हाउसने ‘बिगिनर बुक्स’ ही नवी शाखाच उभी केली.

मग रँडम हाउसचे प्रकाशक बेनेट सर्फ यांनी पन्नास डॉलरची पैज लावली, की फक्त ५० शब्दांत पुस्तक लिहून दाखवा. १९६० साली ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ आलं. त्यातल्या ५० शब्दांपैकी ४९ एका अवयवाचे आहेत. पैजेचे पैसे आपल्याला कधीच मिळाले नाहीत, असं गायझेल नंतर सांगत असत. या पुस्तकात कोल्हा पेटीत असतो, उंदीर घरात आणि बोकड होडीत. कोल्ह्याला पेटीत बसायचं कारण काय, असं विचारायची सोय नाही. इंग्रजीत त्या दोन शब्दांचं यमक जुळतं, हेच कारण. या प्रकारच्या विनोदाचं मूळ इथे आहे. यमक दोन अशा गोष्टींची गाठ घालून देतं ज्यांची एरवी भेट झाली नसती आणि चित्रकाराला ती भेट खरी करून दाखवावी लागते.

तालाचंही तसंच. गायझेल १९३६ साली ‘कुंग्सहोम’ जहाजातून युरोपहून परतत होते. इंजिनाचा ठेका डोक्यात बसला, जाता जाईना, म्हणून त्यावर ते शब्द बसवत गेले. त्यातून त्यांचं पहिलं बालपुस्तक झालं. विसाहून जास्त प्रकाशकांनी ते परत केल्यावर न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर कॉलेजमधला एक जुना मित्र भेटला, जो नुकताच व्हॅनगार्ड प्रेसमध्ये बालपुस्तकांचा संपादक झाला होता. १९३७ मध्ये पुस्तक निघालं. त्या ठेक्याला इंग्रजीत अ‍ॅनापेस्ट म्हणतात. त्यात दोन हलके अवयव येतात आणि मग एक जड. मराठी वाचकाला हे नवं वाटायचं कारण नाही. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ केलेल्यांना त्याच्या शेवटी ‘सलगा’ भेटतो. तो सगण म्हणजे लघु, लघु, गुरु. चार सगणांची एक ओळ केली की तोटक वृत्त होतं. शंकराचार्यांच्या शिष्याचं तोटकाष्टक याच वृत्तातलं. इंग्रजीत गुरुपण आघातावरून ठरतं आणि आपल्याकडे मात्रांवरून, हा फरक आहेच. पण धाव तीच. दोन पावलं भरभर टाकायची आणि तिसऱ्यावर भार द्यायचा. संस्कृतात ज्या चालीवर गुरुस्तुती झाली तिच्यावर अमेरिकेत डॉ. सूसचा हत्ती घरट्यात अंडं उबवतो.

गायझेल यांना हे प्राणी मुळात कुठून मिळाले? मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमध्ये १९०४ साली त्यांचा जन्म झाला. जर्मन वंशाचं कुटुंब होतं आणि आजोबांची बिअरची भट्टी होती. दारूबंदीत धंदा बुडाला. वडील पुढे शहरातल्या उद्यानांचे अधीक्षक झाले. फॉरेस्ट पार्कमधलं प्राणिसंग्रहालय त्याच उद्यानांत मोडत होतं. लहानपणी वही-पेन्सिल घेऊन गायझेल तिथे जात आणि शरीरशास्त्राला न जुमानता प्राणी काढत. आई लग्नाआधी तिच्या वडिलांच्या बेकरीत काम करायची. पायांची नावं ती ज्या ठेक्यात पुकारायची त्याच ठेक्यात ती मुलांना झोपवायची. हे पाय म्हणजे फळं भरलेले भाजलेले गोड पदार्थ, नाहीतर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच काही यायचं.

प्राणिसंग्रहालयावरून इथे विंदा करंदीकरांची आठवण होणं अटळ आहे. भायखळ्याच्या बागेतल्या प्राण्यांना बोलतं करणारा त्यांचा ‘राणीची बाग’ हा बालकवितासंग्रह १९६१ सालचा, म्हणजे टोपीवाल्या मांजराच्या पाठोपाठचा. दोघांनी एकमेकांचं काही वाचलं होतं असं सुचवायचं नाही. पण पिंजऱ्यातल्या प्राण्याकडे बघताना माणसाचीच टिंगल होते, हे दोघांनाही कळलं होतं. फरक दिसतो तो अटींमध्ये. इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांचा संसार नीट चालत नाही, त्यामुळे तिथे यमकाला शाळेत एक नोकरी मिळाली. एकाच कुळातले शब्द कानाला सारखे लागतात, पानावरही त्यांची शेपूट सारखी दिसते आणि मूल एकावरून पाच शब्द वाचायला शिकतं. देवनागरीत अक्षर आपला उच्चार बहुतांशी स्वतःच सांगतं. म्हणून आपल्याकडे नवशिक्यांच्या पुस्तकात बंधन आलं ते जोडाक्षरांवर. जोडाक्षरविरहित गोष्टी लिहिणाऱ्याला विचारा, ‘मुख्य’ किंवा ‘रस्ता’ शब्द टाळताना काय यातायात होते ते. यमक त्या कामातून सुटलं आणि निव्वळ मजेसाठी मोकळं राहिलं.

यमकाचा वाचनाशी असलेला संबंध शास्त्रज्ञांनी बराच खोदून पाहिला आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली ‘नेचर’मध्ये चारशेच्या आसपास मुलांचा अभ्यास मांडला. चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांना यमकात न बसणारा शब्द ओळखता येत होता, ती मुलं पुढे वाचनात आणि शुद्धलेखनात सरस ठरली. अमेरिकेतलं एक काम त्याहून गमतीचं आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठाच्या कर्स्टन रीड यांनी २०१४ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना विचित्र राक्षसांची यमकी कडवी ऐकवली. राक्षसाचं नाव कधी कडव्याच्या मध्येच यायचं, कधी पहिल्या ओळीच्या टोकाला, तर कधी वर्णन संपल्यावर शेवटच्या यमकावर. शेवटच्या जागी आलेली नावं मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिली. आईवडील वाचत होते तेव्हा त्यांतले बरेचजण कोणी न सांगता त्या नावाआधी क्षणभर थांबले आणि त्यांच्या मुलांना आणखी फायदा झाला. सगळी मदार त्या थांबण्यावर आहे. मूल शब्दाचा अंदाज बांधतं, तो बरोबर आला की खूश होतं, आणि लेखकाने मुद्दाम चुकवला तर खदखदून हसतं.

हा अंदाज चुकवण्यात सँड्रा बॉयन्टन यांचा हात धरणारं कोणी नाही. येल विद्यापीठात शिकलेल्या बॉयन्टन आधी शुभेच्छापत्रं काढायच्या. १९८२ च्या ‘मू, बा, ला ला ला!’ या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात प्रत्येक प्राणी आपापला आवाज काढतो. मग एका पानावर तीन डुकरं नटव्या थाटात गाऊ लागतात. दीड-दोन वर्षांच्या बाळाला गाय काय म्हणते हे नुकतंच कळलेलं असतं. नियम कळल्याशिवाय नियमभंगाचं हसू येत नाही, म्हणून हा विनोद नेमका त्या वयाला लागतो. त्यांच्या ‘बट नॉट द हिपोपोटॅमस’मध्ये सगळे जोडीजोडीने मजा करत असतात आणि पाणघोडा बाजूला उभा राहून बघत असतो. जन्माला येऊन दोन वर्षं होत नाहीत तोच एकटेपणाची ओळख करून द्यायची आणि तीही हसवत, हे सोपं काम नव्हे. बॉयन्टनच्या विनोदाला कोणी फारसं साहित्य म्हणत नाही. म्हणायला हवं.

पुठ्ठ्याची पानं मोजकी असतात. साध्या चित्रपुस्तकाची बहुधा ३२, कारण छपाईच्या मोठ्या कागदाच्या घड्या आठ-सोळाच्या पटीत पडतात. कवीला कडवी या घड्यांवर बसवावी लागतात. प्रश्न उजव्या पानावर आणि उत्तर पान उलटल्यावर, असा यमकाचा धक्का कागदाच्या मागे लपवता येतो. नॅन्सी शॉ यांचं १९८६ चं ‘शीप इन अ जीप’ या हिशेबाचा नमुना आहे. मार्गो अ‍ॅपल यांची चित्रं, शंभराच्या आत शब्द. कल्पना सुचली ती कुटुंबाबरोबरच्या लांबच्या मोटारप्रवासात, यमकं जुळवत वेळ काढताना. मेंढ्यांची जीप बंद पडते, चिखलात रुतते, डुकरं मदतीला येतात, आणि शेवटी मोडकी गाडी विकायला काढावी लागते. शब्द नुसते धक्के मोजतात, मेंढ्यांचे चेहरे बाकीचं सांगतात. शब्दांनी सांगितलं तेच चित्राने पुन्हा सांगितलं तर चित्र फुकट गेलं, हा या धंद्यातला पहिला धडा.

यमकाहून आवर्तनावर जास्त भिस्त ठेवणारी १९६७ च्या ‘ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?’ची वाट थोडी वेगळी. कॅन्ससच्या हायावाथा गावात जन्मलेल्या बिल मार्टिन ज्युनियर यांना स्वतःला लहानपणी वाचता येत नसे. शब्द त्यांना कानानेच पकडावे लागत. चित्रं काढणारे एरिक कार्ल तेव्हा जाहिरातींत होते. त्यांनी काढलेला लाल लॉब्स्टर एका औषधाच्या जाहिरातीत मार्टिन यांनी पाहिला आणि काम त्यांच्याकडे गेलं. या निरुपद्रवी अस्वलाच्या वाट्याला २०१० मध्ये राजकारण आलं. टेक्सासच्या शिक्षण मंडळाने तिसरीच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातून मार्टिन यांचं नाव वगळलं, कारण मार्क्सवादावर लिहिणाऱ्या भलत्याच एका बिल मार्टिनशी त्यांची गल्लत झाली होती. असा घोटाळा डॉ. सूसनी लिहिला असता तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापला असता.

प्राणीच का, या प्रश्नाचं एक सरळ उत्तर आहे. प्राण्याला वय नसतं, शाळा नसते, पगार नसतो. मेंढीने गाडी ठोकली तर तिच्या परवान्याची चौकशी होत नाही. मुलाला दिवसभर ज्या गोष्टींसाठी दटावलं जातं त्या सगळ्या मांजर बिनधास्त करू शकतं. शिवाय प्राणी कुठल्याही घरातला असू शकतो. पण तो पूर्णपणे देशाबाहेरचा नसतो. अ‍ॅना ड्यूडनी यांच्या २००५ च्या ‘लामा लामा रेड पजामा’त छोटा लामा रात्री आपल्या खोलीत एकटा पडून आईला हाका मारतो, ती यायला उशीर करते आणि तो आकांत मांडतो. अमेरिकी आईला ही रोजची रात्र वाटते. न्यू जर्सीत नातवंडांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या मराठी आजीला मात्र पहिला प्रश्न पडतो, की एवढंसं पोर वेगळ्या खोलीत का झोपवलं आहे? आपल्या गोष्टीत असं रडू येईल ते अंधारातल्या आवाजाने किंवा बागुलबुवाने. आई हाताच्या अंतरावर नाही, ही गोष्टच आपल्याकडे सुचायला कठीण.

प्राण्यांच्या आडून माणसंही येतात आणि तिथे काही पुस्तकं घसरली. गायझेल यांच्या १९५० च्या ‘इफ आय रॅन द झू’मध्ये एक मुलगा जगभरातून अद्भुत प्राणी पकडून आणतो. त्यातले प्राणी आजही देखणे आहेत, पण ते वाहून आणणारी आशियाई आणि आफ्रिकी माणसं ज्या तऱ्हेने काढली आहेत ती बघवत नाहीत. २ मार्च २०२१ रोजी, म्हणजे लेखकाच्या जन्मदिवशीच, त्यांच्या वारशाचं काम पाहणाऱ्या कंपनीने सहा पुस्तकांची छपाई थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यात हे होतं आणि जहाजाच्या ठेक्यावर लिहिलेलं ते पहिलंही. टोपीवालं मांजर त्या यादीत नव्हतं, तरी दूरचित्रवाणीवर चर्चा अशी झाली जणू मांजरावरच बंदी आली.

इतकं सगळं पाहून कोणाला वाटेल की अमेरिकी प्रकाशक यमकी हस्तलिखितांची वाटच पाहत असतील. उलट आहे. नव्या लेखकांना तिथे मिळणारा पहिला सल्ला बहुधा ‘यमकात लिहू नका’ असाच असतो. कारणं कोरडी आहेत. यमकासाठी वाक्याची मोडतोड होते, ओळ भरायला निरुपयोगी शब्द कोंबले जातात, लेखकाच्या उच्चारात बसणारा ताल दुसऱ्या राज्यातल्या वाचकाच्या तोंडात लंगडतो. त्यात यमकी पुस्तकाचे अनुवादाचे हक्क परदेशांत विकणं अवघड. महागडी रंगीत छपाई बऱ्याचदा त्या विक्रीवरच परवडते. कोल्हा मराठीत पेटीत बसायला तयार नाही. त्याला कुठे बसवायचं ते मराठी यमकाला विचारावं लागेल, आणि मग चित्रही नवं काढावं लागेल.